ड्राइव्ह कोणत्या मोटरीला लावावा?

मोटरीचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी एक पेटी आता शहरांतील कारखान्यांतून निघून खेड्यांतल्या गिरण्यांपर्यंत आणि विहिरींपर्यंत पोहोचली आहे. कागदोपत्री तिचे नाव व्हीएफडी. मिस्त्री आणि गिरणीवाले तिला नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात. विकणारा सांगतो की ही पेटी बसवली की विजेचा खर्च तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही उतरतो. हे सांगणे खोटे नाही. पण ते प्रत्येक मोटरीला लागू नाही, आणि शेतकऱ्याचे पैसे बुडतात ते नेमके येथेच. आमचे मत आधीच सांगून टाकतो: धानाच्या गिरणीतील ब्लोअरला ड्राइव्ह लावणे पुष्कळदा शहाणपणाचे असते, विहिरीवरच्या किंवा बोअरवरच्या वीजपंपाला तो लावणे बहुधा नसते. असे का, हे एकदा समजून घेतले म्हणजे दुकानात कोणी आपल्याला गुंडाळू शकणार नाही.

आपल्या मोटरींवरच्या पत्र्यावर १४४० किंवा २८८० असा आकडा आपण पाहतो. तो मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा आकडा आहे. हा वेग मोटर स्वतः ठरवीत नाही. तारांतून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, आणि मोटरीचा वेग त्या हेलकाव्यांशी बांधलेला असतो. मोटरीवर काम थोडे असो की पुष्कळ, ती जवळजवळ त्याच वेगाने फिरते. ड्राइव्ह काय करतो, तर लाइनची वीज आत घेऊन तिची आधी बॅटरीसारखी एकदिश वीज करतो आणि तिच्यातून पुन्हा हवे तितके हेलकावे असलेली थ्री-फेज वीज बनवून मोटरीला देतो. ५० ऐवजी ४० हेलकावे दिले की १४४० ची मोटर साधारण ११५० फेऱ्यांवर येते. पेटीचे काम एवढेच. ती वीज निर्माण करीत नाही. उलट आत जाणाऱ्या विजेतील शंभरात तीन-चार भाग स्वतःच गरम होण्यात खाते. म्हणून बचत पेटीत शोधू नये. वेग उतरल्याने मोटरीवरचे काम किती हलके होते, यात ती शोधावी.

पंखा आणि ब्लोअर यांच्या बाबतीत हे काम फार झपाट्याने हलके होते. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण लागणारी शक्ती निम्मी होत नाही, आठव्या भागावर येते. वेग शंभरावरून नव्वदावर आणला तर शक्ती सुमारे ७३ वर येते, ऐंशीवर आणला तर ५१ वर. म्हणजे हवा पाचव्या हिश्शाने कमी केली की वीज जवळजवळ निम्मी होते. पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात हा नियम सापडेल आणि तो कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. तो उलटाही लागू पडतो, हे मात्र जपून ध्यानात ठेवावे. काही मिस्त्री काम लवकर व्हावे म्हणून ड्राइव्हवर ५० ऐवजी ५५ लावतात. त्याने हवा दहाव्या हिश्शाने वाढते आणि मोटरीवरचा भार तिसऱ्या हिश्शाने. मग मोटर जळते आणि दोष पेटीला दिला जातो.

आता आपल्या गिरण्यांकडे पाहू. बालाघाट हा धानाचा जिल्हा. येथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दिवाळीपासून नाताळपर्यंत आणि त्यापुढेही लामता, चांगोटोला भागातले धान गिरणीच्या वाटेला लागलेले असते. गिरणीत धान सोलले गेले की तूस उडवून नेण्यासाठी ब्लोअर असतो. तो घेतेवेळी मोठाच घेतला जातो, कारण ओलसर धान, जाड धान, सगळ्यांना पुरला पाहिजे. मग हलके, बारीक धान आले की जोरदार हवेबरोबर तांदळाची कणीही तुसात जाऊ लागते. त्यावर उपाय म्हणून ब्लोअरच्या तोंडावरचा पत्रा अर्धा बंद करतात. मोटर पूर्ण वेगाने धावते आहे आणि आपण तिचे तोंड दाबून धरले आहे, असा तो प्रकार. ट्रॅक्टरचा रेस पूर्ण देऊन ब्रेकवर पाय ठेवून कोणी शेतात जात नाही. गिरणीत मात्र ते वर्षानुवर्षे चालते.

हिशेबापुरते उदाहरण घेऊ. दहा एचपीचा ब्लोअर पूर्ण भाराने तासाला साडेआठ युनिट घेतो असे धरा. पत्रा अर्धा लावला तर ते साडेसहापर्यंत उतरतील. पत्रा उघडा ठेवून ड्राइव्हने वेग ऐंशी टक्क्यांवर आणला तर पेटीचा स्वतःचा खर्च धरून साडेचार युनिटांत तेवढेच काम होईल. तासाला दोन युनिट वाचले. गिरणी हंगामात दीड हजार तास चालत असेल तर ३००० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर २४,००० रुपये. हीच गिरणी वर्षाला तीनशे तासच चालत असेल तर वाचणार ४,८०० रुपये. पहिल्याला पेटी लवकर फिटेल. दुसऱ्याच्या बाबतीत ती फिटेपर्यंत कदाचित तिचेच आयुष्य संपेल. आपले तास, आपला दर आणि दुकानदाराचे दरपत्रक घालून हा भागाकार घरच्या शाळकरी मुलाकडूनही करून घेता येईल. तो केल्याशिवाय पेटी घेऊ नये.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण विकणारा ती सांगणार नाही. तुमचा ब्लोअर पट्ट्यावर चालत असेल आणि पत्रा बारा महिने अर्धाच बंद ठेवावा लागत असेल, तर ड्राइव्हची गरजच नाही. मोटरीवरची पुली बदला. पाच इंचाची काढून चार इंचाची बसवली की ब्लोअरचा वेग ऐंशी टक्क्यांवर येतो आणि वीज वर सांगितल्याप्रमाणेच निम्म्यावर. खर्च एका पुलीचा, फार तर एका नव्या पट्ट्याचा. नियम तोच, फायदा तोच, आणि पुलीला ना उष्णता बाधते ना उंदीर. ड्राइव्हचे खरे काम तेथे, जेथे गरज रोज बदलते: आज जाड धान, उद्या चिन्नोर, परवा उकडा, सकाळी ओल, दुपारी कोरडे. अशा गिरणीत बटण फिरवून हवा जुळवता येते आणि तुसात जाणारी कणीही वाचते. ही वाचलेली कणी विजेच्या बिलात दिसत नाही, पण पोत्यात दिसते.

गिरणीतील सगळ्याच मोटरींना मात्र हा नियम लावू नये. धान सोलणारे रबरी रोल, पॉलिश करणारी यंत्रे, धान वर चढवणारे एलेव्हेटर यांना वेग कमी केला तर काम त्याच प्रमाणात कमी होते. तेवढेच धान काढायला तितका वेळ अधिक लागतो आणि युनिट जवळजवळ तेवढेच पडतात. लहान गिरण्यांत तर एकाच मोटरीवरून दांडा आणि पट्टे घेऊन हलर, चाळणी आणि ब्लोअर असे सगळेच फिरते. तेथे मोटरीला ड्राइव्ह लावला की सगळेच मंदावते. अशा ठिकाणी ब्लोअरची मोटर वेगळी केल्याशिवाय बचतीची भाषा व्यर्थ आहे.

पंपाचा विचार याहून निराळा, आणि शेतकऱ्यांनी तो नीट करावा. पंप हाही फिरणारा पंखाच, तेव्हा त्याला तोच नियम लागू होईल असे विक्रेते सांगतात. पण पंख्याला हवा कोठे वर चढवून न्यायची नसते. पंपाला पाणी जमिनीतून वर आणायचे असते, आणि ती उंची वेग कमी केल्याने कमी होत नाही. समजा बोअरमध्ये पाणी १५० फुटांवर आहे आणि तुमचा पंप पूर्ण वेगात जास्तीत जास्त २२० फूट पाणी उचलू शकतो. वेग ऐंशी टक्के केला की पंपाची उचलण्याची ताकद वर्गाच्या हिशेबाने घटते आणि सुमारे १४० फुटांवर येते. म्हणजे मोटर फिरते आहे, वीज जाते आहे, आणि बांधीत थेंबही पडत नाही. आतल्या आत पाणी घुसळून पंप तापतो आहे. नव्वद टक्क्यांवर पाणी येईल, पण ते दहाव्या हिश्शाने नव्हे, पुष्कळच अधिक कमी होईल, आणि बांधी भरायला लागणारे जादा तास धरले तर दर हंड्यामागे वीज कधी अधिकही लागेल. सांगलीकडे ताकारी, म्हैसाळ, टेंभू या मोठ्या उपसा योजनांत कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवतात. अशा ठिकाणी विजेचा मोठा भाग या उंचीलाच द्यावा लागतो आणि तो कोणत्याही पेटीने सुटत नाही. आपल्याकडे ढुटीच्या कालव्याचे पाणी उतारानेच वाहत येते, त्याला मोटरच लागत नाही. ज्यांची बांधी कालव्याखाली आहे त्यांनी चाऱ्या साफ ठेवल्या तर त्याहून स्वस्त पाणी नाही.

मग पंपाची वीज वाचते कशाने? उत्तर साधे आहे आणि म्हणूनच कोणी त्याची जाहिरात करीत नाही. दोन इंची पाइपाऐवजी अडीच इंची पाइप घातला तर तेवढेच पाणी नेताना पाइपातील घर्षण सुमारे एक तृतीयांश उरते. काटकोनातल्या बेंडऐवजी लांब वळणाचा बेंड, गाळाने न चोंदलेला फूट व्हॉल्व्ह, गरजेपेक्षा उंच न नेलेले पाइपाचे तोंड, यांनी दर तासाला पाणी वाढते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या उंचीला साजेसा पंप. शेजाऱ्याने साडेसात एचपी घेतला म्हणून आपणही घेणे हा आपल्या भागातला जुना रोग आहे. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागात २००९ पासून केंद्राची बीईई ही संस्था आणि महाराष्ट्राची वीज कंपनी यांनी शेतीपंपांची बचत योजना हाती घेतली. तेथे सुमारे २२०० जुने पंप काढून त्यांच्या जागी अधिक कार्यक्षम, तारांकित पंप बसवण्याचे काम झाले. सरकारी पातळीवर शेतीपंपांची वीज वाचवायला निघालेल्यांनीही हात घातला तो पंपालाच.

शेतीपंपाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती पैशाची. २०१९ साली मध्य प्रदेश सरकारने दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचा ठोक आकार वर्षाला दर एचपीस १४०० वरून ७०० रुपयांवर आणला. सीमेपलीकडे महाराष्ट्राने २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीजच मोफत केली. जेथे बिल एचपीवर ठरते, युनिटवर नव्हे, तेथे वाचलेला युनिट शेतकऱ्याच्या खिशात येत नाही. तेव्हा ड्राइव्ह बसवून बिल वाचेल असे ठोक आकाराच्या ग्राहकाला सांगणे ही सरळ फसवणूक आहे, असे आम्ही म्हणतो. आपले बिल हातात घेऊन आकारणी युनिटवर आहे की एचपीवर, एवढे वाचून पाहावे. निम्मा निर्णय तेथेच होतो.

याचा अर्थ वीज कशीही जाळावी असा नाही. शेतीची थ्री-फेज लाइन ठरावीक तासांचीच असते. ती आली की ऑटो स्टार्टर लावलेले सगळे पंप एकाच क्षणी उठतात, आणि थेट चालू होणारी मोटर त्या क्षणी नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. डीपीचे फ्यूज उडतात, व्होल्टेज पडते, रोवणीच्या ऐन घाईत ट्रान्सफॉर्मर जळतो आणि आठ-आठ दिवस सारे गाव आभाळाकडे पाहत बसते. ड्राइव्ह मोटरीला हळूहळू उठवतो, हा त्याचा गुण खराच. पण एवढ्यासाठी ड्राइव्ह घेण्याची गरज नाही. चांगला स्टार-डेल्टा स्टार्टर, मोटरीला योग्य कपॅसिटर आणि ऑटो स्टार्टरांत कोणाचा किती सेकंदांनी उठेल याची एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपसात लावलेली पाळी यांनी ते साधते. गावात अशी पाळी पाण्याची लावता येते तर करंटची का लावता येऊ नये?

सौर पंपाची गोष्ट वेगळी. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली आणि तेव्हापासून सौर पंप पुष्कळ शेतांत दिसू लागले आहेत. त्यांत ज्यांची मोटर एसी आहे, त्यांच्या खांबावरची कंट्रोलर पेटी हा मुळात ड्राइव्हच असतो. सकाळी ऊन कोवळे असते तेव्हा ती मोटरीला सावकाश फिरवते, ऊन चढले की वेग वाढवते, ढग आला की उतरवते. येथे ड्राइव्हला पर्याय नाही, कारण ऊन आपल्या सोयीने स्थिर राहत नाही. अशा पंपाला ‘बचतीसाठी’ आणखी एक पेटी घेणे म्हणजे सदऱ्यावर सदरा घालणे होय. मात्र कंट्रोलर घेतानाच एक चौकशी करावी: काही कंट्रोलर असे मिळतात की पंपाचे काम नसलेल्या महिन्यांत त्याच पॅनेलवर पिठाची चक्की किंवा कडबाकुट्टी चालवता येते. वर्षातले कितीतरी दिवस पॅनेल नुसते उन्हात पडून असतात, तेव्हा ही सोय लाखमोलाची आहे.

ज्यांना ड्राइव्ह खरोखर लागतो त्यांनी तो कसा सांभाळावा याविषयी थोडे. तुसाची धूळ आणि उष्णता हे त्याचे दोन शत्रू. पेटी ब्लोअरच्या शेजारी भिंतीला लटकवू नये. धूळ न शिरणाऱ्या कपाटात, सावलीत, वारा खेळेल अशी ठेवावी आणि तिचा लहानसा पंखा दर महिन्याला साफ करावा. जुन्या स्टार्टरबरोबरचा कपॅसिटर ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कधीही राहू देऊ नये, पेटी जळते. पाणबुडी मोटर ३० हेलकाव्यांच्या खाली चालवू नये, कारण तिच्या तळाच्या बेअरिंगला पाण्याचा थर मिळत नाही. बोअर खोल आणि केबल लांब असेल तर पेटीच्या पुढे चोक किंवा फिल्टर लागतो. तो नसेल तर विजेचे फटकारे बसून मोटरीचे वाइंडिंग हळूहळू फुटते. दरपत्रकात हे सामान धरले आहे की नाही ते पाहावे. आणि पैसे देण्यापूर्वी एक चाचणी मागावी: एक तास जुन्या पद्धतीने, एक तास ड्राइव्हवर, धान तेच आणि पोतीही तेवढीच, दोन्ही वेळा मीटरचे आकडे कागदावर लिहून घ्यावेत. अशा चाचणीला विक्रेता तयार नसेल तर दुसऱ्याकडे जावे.

शेवटी जिवाची गोष्ट, कारण ही पेटी जुन्या स्टार्टरसारखी नाही. स्टार्टरचे मेन स्विच पाडले की तो मेला असे आपले मिस्त्री समजतात, आणि ते बरोबरही असते. ड्राइव्ह मेन स्विच पाडल्यावरही मरत नाही. त्याच्या पोटातले कपॅसिटर ५०० व्होल्टांहून अधिक वीज धरून बसतात आणि ती उतरायला मिनिटे लागतात. किती, ते झाकणावर लिहिलेले असते. पाच मिनिटे, कधी दहा, कधी अधिकही. तेवढा वेळ घड्याळात पाहून थांबावे आणि त्यानंतरही टेस्टरवर विसंबू नये, मीटरने तपासूनच हात घालावा. सौर पेटीत तर स्विच पाडले तरी पॅनेलकडून येणारी तार ऊन असेपर्यंत जिवंत असते. अर्थिंग खड्ड्यात कोळसा-मीठ घालून, दर उन्हाळ्यात पाणी ओतून ओले ठेवावे. कोरड्या मुरुमात रोवलेली सळई अर्थिंग नव्हे.

कोणी चिकटलाच तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन पाडावे. ते लांब असेल तर कोरड्या लाकडाने तार दूर सारावी. श्वास थांबला असेल तर त्याला उताणे निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. माणूस लगेच उठून बसला, बोलू लागला, तरीही त्याला त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा. विजेचा धक्का हृदयाची लय नंतरही बिघडवू शकतो, आणि हातावरचा लहानसा डाग आत किती भाजले आहे ते सांगत नाही.